सायकलचे गेलेले आटे

घरातील वस्तू मोडते तेव्हा ती बहुधा आवाज करून मोडते. कपबशी फुटते, खुर्चीचा पाय कडाडतो, दोरी तुटताना सणसणते. बोल्टाचे आटे मात्र निमूटपणे जातात. पाना फिरत असतो, मनगटाला ताण जाणवत असतो, 'आणखी अर्धा फेरा' असे आपण मनाशी म्हणतो आणि त्याच क्षणी तो ताण एकाएकी नाहीसा होतो. बोल्ट आता कितीही फिरवा, तो फिरतच राहतो. घट्ट मात्र होत नाही. हा अनुभव ज्याने एकदा घेतला आहे त्याला आजचा विषय निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. ज्याने घेतलेला नाही त्याच्यावर तो प्रसंग येऊ नये, आणि आलाच तर काय करावे, हे सांगण्यासाठी आजचे हे भाषण आहे.

माझे वास्तव्य भोपाळच्या बाग सेवनिया भागात आहे. जवळच हेवी इलेक्ट्रिकलचा अवाढव्य कारखाना आणि त्याची वसाहत आहे. दुसऱ्या अंगाला अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या इमारती आहेत. १९५६ साली त्या कारखान्याची कंपनी स्थापन झाली. आज तो भारत हेवी इलेक्ट्रिकल्स या नावाने ओळखला जातो. त्याच्या आधाराने देशभरातून माणसे येथे आली, त्यांत मराठी कुटुंबेही पुष्कळ होती. त्यामुळे आमच्या भागात एखाद्या गल्लीत संध्याकाळी अंगणात बसलेले वृद्ध गृहस्थ दिसले, तर त्यांनी ऐन उमेदीची वर्षे लेथपुढे घालवलेली असण्याचा संभव बराच असतो. अशाच एका निवृत्त टर्नर गृहस्थांकडून मी हे सारे शिकलो. मी व्यवसायाने शिक्षक. पाना हाती धरण्याची सवय मला नव्हती. ती लागली एका विद्यार्थ्यामुळे.

हा मुलगा अकरावीत आहे. वडील पहारेकऱ्याची नोकरी करतात. त्यांनी दोन वर्षे पैसे साठवून मुलासाठी डोंगरी सायकल घेतली. नवी नव्हे, दुसऱ्या हाताची. जाड टायर, पुढे झोले घेणारा काटा, चाकांना डिस्क ब्रेक अशी ती सायकल. मुलगा रोज तिच्यावरून शाळेत येतो, तेथून शिकवणीला जातो, आणि रविवारी मित्रांबरोबर केरवा आणि कलियासोतच्या बाजूच्या चढउतारांवर हिंडतो. गेल्या नाताळच्या सुट्टीत तो माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. मागच्या ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा भाग, हाताने हलत होता. त्याचा एक बोल्ट वाटेत पडून गेला होता. रस्त्याकडेच्या एका दुकानात दुसरा बोल्ट पिळून बसवला गेला, तो आठ दिवसांत सैल झाला, आणि आता त्या भोकात कोणताच बोल्ट धरत नव्हता.

"सर, चौकट बाद झाली म्हणतात. नवी घ्यावी लागेल," तो म्हणाला. जरा थांबून त्याने आणखी सांगितले, "एकजण म्हणतो, वेल्डिंग करून भोक बुजवून देतो. घरी अजून सांगितलेलं नाही."

मी त्याला त्या टर्नर काकांकडे घेऊन गेलो. काकांनी चष्मा सारखा केला, बॅटरीच्या उजेडात भोकात पाहिले आणि म्हणाले, "मास्तर, चौकटीला काही झालेलं नाही. आटे गेलेत. आटे परत करता येतात. पण आधी ते का गेले ते या मुलाला कळू द्या, नाहीतर पुढच्या महिन्यात पुन्हा याल."

आपणही त्याच क्रमाने जाऊ या.

आटे म्हणजे काय? एक साधा प्रयोग घरी करून पाहावा. कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापावा आणि तो पेन्सिलीभोवती गुंडाळावा. त्रिकोणाची तिरपी कड पेन्सिलीवर नागमोडी वर चढत गेलेली दिसेल. तेच मळसूत्र. म्हणजे मळसूत्र हा दांड्याभोवती गुंडाळलेला एक उतारच होय. घाटातील वळणावळणाच्या रस्त्याने अवजड गाडीही वर चढते, त्याचप्रमाणे बोल्टावर लावलेला हाताचा थोडा जोर या गुंडाळलेल्या उतारामुळे फार मोठ्या दाबात बदलतो. ब्रेकच्या कॅलिपरला सहा मिलिमीटर जाडीचे बोल्ट असतात. त्यांतील दोन लगतच्या आट्यांमधले अंतर एक मिलिमीटर. म्हणजे बोल्टाची एक पूर्ण फेरी झाली की तो एक मिलिमीटर आत जातो. दहा सेंटिमीटर लांबीच्या किल्लीच्या टोकाला सुमारे सात किलोचा जोर लावला, तर हा चिमुकला बोल्ट साधारण सहाशे किलो वजनाइतक्या दाबाने दोन भाग एकमेकांवर आवळून धरतो. बोटाच्या पेराएवढ्या लोखंडात एवढे सामर्थ्य असते, आणि त्या सामर्थ्याचे भान न राहिल्यामुळेच बहुतेक आटे जातात.

हा सारा दाब सर्व आट्यांवर सारखा वाटला जातो असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. बोल्टाच्या डोक्याच्या बाजूने जो पहिला आटा भोकात गुंततो, त्याच्यावर एकूण भाराचा जवळजवळ एक तृतीयांश वाटा येतो; दुसऱ्यावर त्याहून कमी, तिसऱ्यावर आणखी कमी. म्हणून आटे जाण्याची सुरुवात पहिल्या आट्यापासून होते. तो ढासळला की त्याचा भार दुसऱ्यावर, दुसरा गेला की तिसऱ्यावर. पंगतीत एकाने पाट सोडला की सारेच उठू लागतात, तसे हे आहे.

आता प्रश्न असा की बोल्टाचे आटे शाबूत राहतात आणि चौकटीचेच का जातात? कारण धातूंचे बळ समान नाही. चांगल्या प्रतीचा पोलादी बोल्ट साधारण ८०० मेगापास्कलपर्यंतचा ताण सोसतो. सायकलींच्या चौकटींसाठी जो ॲल्युमिनियमचा मिश्रधातू पुष्कळ वापरला जातो, ६०६१ या क्रमांकाचा, त्याची मर्यादा सुमारे ३१० आहे. पोलाद आणि ॲल्युमिनियम यांच्या झोंबीत ॲल्युमिनियम हरणार हे ठरलेलेच. याच कारणासाठी अभियंते सांगतात की पोलादात बोल्ट आपल्या जाडीइतका खोल गेला तरी चालेल, पण ॲल्युमिनियममध्ये तो जाडीच्या दीडपट ते दुप्पट खोल गेला पाहिजे. सहा मिलिमीटरचा बोल्ट असेल तर नऊ ते बारा मिलिमीटर. आखूड बोल्ट वरवर बसलेला दिसतो. प्रत्यक्षात तो तीनचार आट्यांच्या आधारावर लोंबकळत असतो.

आटे जाण्याची मुख्य कारणे चार. पहिले, अति आवळणे. 'अति तेथे माती' ही म्हण बोल्टाला शब्दशः लागू आहे. दुसरे, बोल्ट वाकडा घालणे. तो तिरपा शिरला की जुने आटे कापीत स्वतःची नवी वाट काढतो. तिसरे, गंज. पोलादी बोल्ट, ॲल्युमिनियमची चौकट आणि मधे पावसाचे किंवा घामाचे खारट पाणी, एवढे जमले की तेथे विजेच्या घटासारखी रासायनिक क्रिया सुरू होते, ॲल्युमिनियम खाल्ले जाते आणि पांढरी पूड साचते. वसईपासून मालवणपर्यंतच्या खाऱ्या वाऱ्यात सायकल वापरणाऱ्यांना ही पूड चांगलीच परिचित असेल. अशा जखडलेल्या बोल्टाला जोराने हिसडा दिला की तो आटे घेऊनच बाहेर येतो. चौथे कारण सर्वांत फसवे आहे, आणि आमच्या मुलाच्या सायकलीत तेच घडले होते. ते म्हणजे चुकीच्या मापाचा बोल्ट.

हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहिला पाहिजे. एके काळी इंग्लंडमधील प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जात नसे. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकाराने सर्वांनी एकाच प्रमाणाचे आटे वापरावेत असे सुचविले. त्याच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा होता. १८६४ साली अमेरिकेत विल्यम सेलर्स याने ६० अंशांचे आटे पुढे मांडले. आज जगभर चालणाऱ्या मेट्रिक आट्यांचा कोनही ६० अंशांचाच आहे. सायकलीच्या धंद्यात मात्र इंग्रजांनी आपले वेगळे इंची प्रमाण रुजविले, आणि आपल्याकडे पिढ्यानपिढ्या धावणाऱ्या काळ्या सायकली त्याच वळणावर घडल्या. भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली, तरी सायकलीच्या अंगावर इंच शिल्लक राहिलाच. आजच्या नव्या डोंगरी सायकलीतही पायडलचा आटा नऊ सोळांश इंचाचा, इंचाला वीस फेऱ्यांचा असतो. आणि त्याच सायकलीवरील ब्रेकचे, बाटलीच्या पिंजऱ्याचे व हँडलचे बोल्ट मेट्रिक असतात. एकाच घरात दोन भाषा नांदाव्यात, तसे हे आहे.

डोंगरी सायकलीचा जन्म १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरीन परगण्याच्या डोंगरउतारांवर झाला. तेथील तरुण जुन्या दणकट सायकली घेऊन माउंट टॅमलपायसच्या परिसरातील मातीच्या वाटांनी खाली सुसाट येत. १९७६ पासून तेथे एका उतारावर शर्यती होऊ लागल्या. त्या उताराचे नावच 'रीपॅक' पडले, कारण एका उतरणीत मागच्या ब्रेकमधील सारे ग्रीस तापून जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. डोंगरी सायकलीचा विचार पहिल्यापासून ब्रेकशी असा बांधलेला आहे.

आता मूळ मुद्दा. रस्त्याकडेच्या दुकानाच्या डब्यात जुन्या इंग्रजी धर्तीचा पाव इंची बोल्ट असतो. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, आपल्या सहा मिलिमीटरच्या बोल्टापेक्षा जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर जाड. त्या सायकल-प्रमाणात त्याला इंचाला २६ आटे असतात, म्हणजे दोन आट्यांतील अंतर ०.९८ मिलिमीटर. मेट्रिक बोल्टात ते एक मिलिमीटर. कोन दोघांचा ६० अंशच. इतके साम्य असल्यामुळे हा बोल्ट भोकात शिरतो. जरा जड जातो, म्हणून 'छान घट्ट बसला' असे वाटते. खरे पाहता तो आतले आटे फाडीत चाललेला असतो. पुढे योग्य मापाचा बोल्ट आणून घातला, तर त्याला धरायला तेथे काही उरलेलेच नसते. काकांनी तो पाव इंची बोल्ट व्हर्नियरच्या जबड्यात धरून मुलाला आकडा वाचायला लावला. मुलाने तो तीन वेळा वाचला.

दुरुस्तीकडे वळण्यापूर्वी नुकसान किती आहे ते ओळखावे. भोक रॉकेलने आणि जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने स्वच्छ करावे व बॅटरीच्या उजेडात पाहावे. पहिले एकदोनच आटे चेपले असतील आणि आतले चांगले असतील, तर त्याच मापाचा टॅप, म्हणजे आटे पाडण्याचे हत्यार, हलक्या हाताने फिरवून ते सरळ करता येतात. भोक आरपार असेल तर टॅप मागच्या, निरोगी बाजूने घालावा, म्हणजे तो चांगल्या आट्यांच्या मार्गदर्शनाने बिघडलेल्या आट्यांपर्यंत येतो. कित्येकदा मूळचाच बोल्ट आखूड असतो आणि आत न वापरलेले आटे शिल्लक असतात. तेथे थोडा लांब बोल्ट घालणे एवढाच उपाय पुरतो. मात्र तो पलीकडे निघून चकतीला किंवा चाकाला लागत नाही, आणि भोक बंद असेल तर तळाला टेकत नाही, हे पाहिले पाहिजे.

चौकटीचा कोणता भाग बिघडला आहे यावरही उपाय अवलंबून असतो. काही सायकलींत कॅलिपर चौकटीला सरळ न जोडता मधल्या जोडतुकड्याला जोडलेला असतो. आटे त्या तुकड्यात असतात, चौकटीच्या कानात नुसती साधी भोके असतात. तेथे तुकडा बदलला की काम झाले. ॲल्युमिनियमच्या चौकटीत मागचा गिअर ज्या छोट्या कानाला लागतो, तोही बहुधा सुटा असतो. त्याचे आटे गेले तर तो कानच नवा घ्यावा. बाटलीच्या पिंजऱ्याची भोके ही पुष्कळदा पातळ नळीत दाबून बसविलेल्या आट्यांच्या रिव्हेट असतात. ती जागच्या जागी फिरू लागली तर काढून नवी दाबून बसवितात. मडगार्डच्या किंवा सामानाच्या जाळीच्या पाच मिलिमीटरच्या भोकाभोवती धातू भरपूर असेल, तर पाच मिलिमीटरच्या ड्रिलने ते साफ करून त्यात सहा मिलिमीटरचे आटे पाडता येतात. ब्रेकच्या जागी मात्र ही युक्ती वर्ज्य. तेथे बोल्ट जाड केला तर तो कॅलिपरच्या भोकातून जाणार नाही, आणि कानाची भिंतही पातळ होईल.

मग ब्रेकच्या भोकाचे काय करावे? त्याचा उपाय म्हणजे तारेची कडी. हिला बाजारात हेलिकॉइल म्हणतात. गंजरोधक पोलादाची, चौकोनी छेदाची तार कमानीसारखी गुंडाळून ही कडी केलेली असते. तिच्या बाहेरच्या अंगाला जे आटे होतात ते चौकटीत रुततात आणि आतल्या अंगाला मूळच्याच सहा मिलिमीटर मापाचे आटे मिळतात. म्हणजे बोल्ट तोच, कॅलिपर तोच. भोकाला केवळ पोलादाचे अस्तर लागते. मऊ ॲल्युमिनियमवरचा भार आता मोठ्या व्यासावर पसरतो आणि बोल्ट पोलादावर फिरतो. त्यामुळे नीट बसविलेली कडी मूळच्या ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा कमकुवत नसते, पुष्कळदा अधिक टिकते.

काकांनी काम कसे केले ते क्रमाने सांगतो. प्रथम मागचे चाक काढले. चकतीला किंवा ब्रेकच्या पट्ट्यांना तेलाचा थेंब लागला तर ब्रेक निकामी होतो, म्हणून चाक दुसऱ्या खोलीत ठेवले आणि कॅलिपर कापडात गुंडाळून दोरीने वर बांधला. तो नळीवर लोंबकळू दिला नाही. मग चौकटीच्या कानांभोवती तडा आहे का, हे भिंगातून पाहिले. "तडा असता तर मी हात लावला नसता," ते म्हणाले.

नंतरची अडचण ड्रिल सरळ धरण्याची. हातातले ड्रिल एक अंश कलले तरी कॅलिपर वाकडा बसतो. या प्रकारच्या कानांत दोन भोकांमधले अंतर ७४ मिलिमीटर असते आणि आमच्या सायकलीत दुसरे भोक चांगले होते. काकांनी पोलादाच्या एका जाड पट्टीत ७४ मिलिमीटर अंतरावर दोन भोके एका ओळखीच्या कारखान्यात यंत्रावर पाडून आणली. पट्टीचे एक भोक चांगल्या भोकावर बोल्टाने आवळले, दुसरे, ६.३ मिलिमीटरचे, बिघडलेल्या भोकावर आले. आता ड्रिलला त्या पोलादी वाटेतून सरळच जावे लागत होते. किती खोल जायचे त्याची खूण म्हणून ड्रिलला चिकटपट्टी गुंडाळली.

भोक साफ झाल्यावर कडीसाठीचा खास टॅप घेतला. येथे साधा सहा मिलिमीटरचा टॅप चालत नाही; कडीच्या बाहेरच्या अंगाच्या मापाचा टॅप लागतो, तो कड्यांच्या संचातच मिळतो. गुण्या लावून तो दोन बाजूंनी काटकोनात आहे हे तपासले, रॉकेलचे थेंब सोडले आणि अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे अशा चालीने तो आत नेला. मागे फिरविल्याने धातूचा कीस तुटतो. नाहीतर तो टॅपच्या खाचांत दाटतो आणि टॅप आतच मोडतो. "मोडलेला टॅप भोकातून काढणं हे दहा कड्या बसवण्यापेक्षा अवघड," काकांनी बजावले. मग भोक पुसून कोरडे केले, नऊ मिलिमीटर लांबीची कडी हत्याराच्या टोकाला अडकवून फिरवीत आत घातली आणि तिचा शेवटचा वेढा पृष्ठभागाखाली पाव ते अर्धा फेरा जाईपर्यंत नेली. कडीच्या तळाशी आडवी शेपटी असते, ती फिरविण्यासाठीच असते. काम झाल्यावर ती खिळ्यासारख्या पंचाने एका हलक्या टोल्यात तोडली आणि चिमट्याने उचलून घेतली.

हे सारे त्यांनी आधी एका भंगारातल्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर मुलाकडून दोनदा करवून घेतले होते. पहिली कडी वाकडी गेली, दुसरी बरोबर बसली. सायकलवरील कडी मुलाने स्वतः बसविली. काकांचा हात त्याच्या हाताच्या वर, पण न टेकलेला, होता.

जोडणीतही शिस्त हवी. बोल्टाच्या आट्यांना किंचित ग्रीस लावावे. पट्ट्यांपासून ते दूर ठेवावे. बोल्ट भोकावर ठेवून आधी उलट्या दिशेने फिरवावा. आट्याचे तोंड आट्याच्या तोंडावर आले की बारीकसा 'टक' असा धक्का बोटाला लागतो. तेथून तो सुलट फिरवावा, पाना न लावता, केवळ दोन बोटांनी. दोन बोटांनी चारपाच फेरे गेला तर तो सरळ आहे; न गेला तर थांबावे. नंतर किल्लीने आवळावा. कॅलिपरच्या बोल्टांना सहा ते आठ न्यूटन-मीटरचा पीळ लागतो, बाटलीच्या पिंजऱ्याला दोन ते तीन पुरे. निर्मात्याने वेगळा आकडा छापला असेल तर तोच प्रमाण मानावा. टॉर्क रेंच नसेल तर मघाचा हिशेब ध्यानात धरावा: दहा सेंटिमीटरच्या किल्लीच्या टोकाला सात किलोचा जोर. सात किलो म्हणजे किती, हे स्प्रिंगच्या काट्यावर एकदा ओढून पाहावे. हात ते विसरत नाही. किल्लीला नळी जोडून लांबी वाढविण्याचा मोह मात्र कधी धरू नये.

आणखी एक इशारा येथेच देतो. सायकलीतील सर्व आटे एकाच दिशेचे नसतात. डाव्या पायडलचा आटा उलटा असतो. बहुतेक सायकलींत चालू असलेल्या इंग्रजी पद्धतीच्या मधल्या बेअरिंगच्या उजव्या वाटीचाही आटा उलटा असतो. हे माहीत नसल्यामुळे 'सुटत नाही' म्हणून अधिक जोर लावणारे आणि चौकटीचे आटे सोलून काढणारे पुष्कळ आहेत.

आता न करण्याच्या गोष्टी. बोल्टाभोवती तारेचा वेढा, सुताचा धागा किंवा टेफ्लॉनची पट्टी गुंडाळून तो बसविणे, भोकात एम-सील भरणे, हे बाटलीच्या पिंजऱ्याला चार दिवस चालेल. ब्रेकला एक दिवसही चालू देऊ नये. ॲल्युमिनियमच्या चौकटीवर वेल्डिंग करून भोक बुजविणे तर त्याहून वाईट. या मिश्रधातूला त्याचे बळ कारखान्यातील उष्णोपचाराने आलेले असते. वेल्डिंगच्या आचेने आसपासच्या भागातील ते बळ बरेचसे निघून जाते आणि पुन्हा उपचार केल्याशिवाय परत येत नाही. वरून भक्कम दिसणारी जागा आतून मऊ पडलेली असते. पोलादी चौकटीत पितळेच्या झाळणीने भोक बुजवून नव्याने आटे पाडणे शक्य असते. तो वेगळा धातू, त्याचा वेगळा धर्म. कार्बनच्या धाग्यांच्या चौकटीला तर घरी ड्रिल लावूच नये.

एवढी काळजी कशासाठी, असे कोणी विचारील. कॅलिपर हा दोनच बोल्टांवर उभा असतो. ब्रेक दाबला की फिरती चकती त्याला आपल्याबरोबर ओढून न्यायला पाहते, आणि ते दोन बोल्ट त्याला थोपवून धरतात. एक सुटला तर कॅलिपर दुसऱ्याभोवती गरकन फिरतो, आणि तो आऱ्यांत शिरला तर चाक जागीच अडकते. हे घरासमोर घडले तर गुडघा फुटेल. केरव्याच्या उतारावर घडले तर काय होईल ते सांगायला नको. 'चालून जाईल' हा आपल्याकडचा फार लाडका शब्द आहे. ब्रेकच्या बाबतीत तो उच्चारताना त्या सायकलवर कोण बसणार आहे, त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणावा.

काम पुरे झाल्यावर आम्ही सायकल उभी करून ब्रेक दहाबारा वेळा पूर्ण जोराने दाबला. मग मुलाने मोकळ्या मैदानात ती आधी हळू, नंतर वेगाने चालवून थांबविली. पुन्हा किल्ली लावून पाहिली. बोल्ट हलला नव्हता. आठ दिवसांनी आणि महिन्याने पुन्हा तपासायचे असे काकांनी त्याच्या वहीत तारखांसह लिहून दिले. खर्च झाला तो कड्यांच्या संचाचा. त्यातल्या उरलेल्या कड्या काकांनी मुलालाच दिल्या. त्यांनी स्वतःच्या श्रमाचे काही घेतले नाही. फक्त तो पाव इंची बोल्ट त्याच्याकडून मागून घेतला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

"हा कशाला, काका?" मुलाने विचारले.

"पुढच्याला दाखवायला," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी मुलाने घरी सारी हकिकत सांगितली, आधी बोल्ट हरवला होता हेही सांगितले. वडील रागावले नाहीत. रात्रपाळीला निघण्यापूर्वी त्यांनी सायकल अंगणात उभी करून मागचा ब्रेक स्वतः दाबून पाहिला, आणि मग कामावर गेले.

श्रोतेहो, आपल्या घरीही एखादी सायकल असेल. पावसाळा येण्यापूर्वी एखाद्या रविवारी तिचे बोल्ट एकेक करून पाहावेत, गंजलेले बदलावेत, चांगल्यांना ग्रीस लावावे, आणि कोठे बोल्ट नुसताच फिरतो आहे असे वाटले तर त्यावर आणखी जोर न लावता थांबावे. गेलेले आटे परत येतात. मात्र ते गेले आहेत हे वेळीच मान्य करणारा माणूस तेथे हवा.